आबांनी काय केले, ते लिही

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. आबांच्या वर्षश्राद्धाला वाटायच्या पुस्तिकेत तू दोन पाने लिहायची आहेस, घरच्यांना त्यांत १९७१ चा रणवीर हवा आहे, आणि आबा तर सेना सेवा कोरमध्ये ट्रकचालक होते, एकही गोळी झाडली नाही असे स्वतःच सांगत. मग लिहावे तरी काय, असे तू विचारतेस. हा पेच आबांनी निर्माण केलेला नाही, ‘शूर’ या एका शब्दाने केला आहे. तो खोडून टाक आणि त्यांनी काय केले ते लिही.

आबा धर्मनगर-आगरतळा रस्त्यावर होते, असे तू ओघात सांगतेस आणि लगेच, जणू माफी मागावी तसे, ‘फक्त ड्रायव्हर’ म्हणतेस. या ‘फक्त’चा मला राग आला. त्या वेळी त्रिपुरातला लोहमार्ग धर्मनगरलाच संपत होता. आगरतळ्याला रेल्वे पोहोचली ती २००८ साली. म्हणजे त्या आघाडीवरच्या सैन्याचा, चौथ्या कोरचा, दारूगोळा, इंधन आणि शिधा लोंगतराई, अठारामुरा, बारामुरा या डोंगररांगा चढत-उतरत ट्रकांनीच पुढे न्यावा लागला, आणि त्या तयारीत पावसाळ्याचे महिनेही होते. डिसेंबरात जवानांनी हेलिकॉप्टरांतून पूर्व पाकिस्तानातली मेघना नदी ओलांडल्याची गोष्ट सगळे सांगतात. त्या जवानांच्या पाठीवरचा दारूगोळा डोंगरांपलीकडून कोणी आणला, हे कोणी सांगत नाही. तुला ते सांगता येईल. पेटीतली ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम’ ही त्या युद्धाची दोन पदके काढून बघ; गोल पदकाच्या कडेवर त्यांचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असेल. डिस्चार्ज बुकातल्या नोंदी जशाच्या तशा उतरवून घे. ते सापडले नाही, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचार.

मी इतक्या हट्टाने का सांगतो, तेही ऐक. माझे वडील सैन्यात टेलिफोनच्या तारा टाकणारे लाइनमन होते. ते गेल्यावर मी एका दैनिकात लेख लिहिला. त्यात गोळ्यांचा वर्षाव होता, मातृभूमी होती, सारे काही होते. पंधरा दिवसांनी त्यांचे एक सोबती लेखाचे कात्रण घेऊन दारात उभे राहिले आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, “हे कोणाविषयी आहे?” हातमोजे घालून तारेला पीळ देता येत नाही, म्हणून वडील हिमालयातल्या थंडीत उघड्या बोटांनी तार जोडत, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. जन्मभर बधिर राहिलेली ती दोन बोटे मी लहानपणापासून पाहत होतो, पण कधी विचारले नव्हते. लेख मला एका रात्रीत द्यायचा होता, हे खरे आहे. पण त्या रात्रीआधी वडील तीस वर्षे माझ्यासमोरच वावरत होते, तेव्हा ही सबब पुरत नाही, हे मला समजते. तरी ती मी अजून देतो.

सैन्यातून पेन्शनीत आल्यावर आबांनी अठरा वर्षे एसटी चालवली, त्याला तू एकच ओळ दिली आहेस. मुली, माणूस युद्धात तेरा दिवस होता आणि स्टेअरिंगवर अठरा वर्षे! मुक्कामाच्या गाडीला ते किती रात्री जात? रात्री कुठे झोपत, पहाटे किती वाजता गाडी सुरू करत, दिवाळीला घरी असत का? त्यांनी काय केले ते लिही. ‘कष्टाळू’ हे वाचणाऱ्याला म्हणू दे.

आणि ‘प्रेमळ आजोबा’ही नको. शाळेत निघण्यापूर्वी ते रोज तुझ्या सायकलचे दोन्ही टायर अंगठ्याने दाबून पाहत आणि मगच तुला जाऊ देत, हे तू पत्राच्या समासात, शेवटी, तिरके लिहिले आहेस. ती समासातली ओळ पहिल्या पानावर घे. डोंगरातल्या रस्त्यावरही त्यांनी निघण्याआधी हेच केले असेल असे मला वाटते, पण तसे लिहू नकोस, कारण ते आपल्याला ठाऊक नाही.

आजी आता थकल्या आहेत, नावे विसरतात, असे तू म्हणतेस. मग सुट्टीची वाट पाहू नकोस. आज संध्याकाळीच त्यांच्याजवळ बस आणि मुक्कामाच्या गाडीचा डबा त्या किती वाजता भरत, एवढेच विचार.

तुझा,
काका