घराच्या दुरुस्तीचं सामान दुकानातून हप्त्यांवर मिळायला काय लागतं?

अर्ज दुकानात भरला तरी पैसे बहुतेक वेळा दुकानाशी जोडलेली बँक किंवा वित्तसंस्था देते आणि होकार-नकारही तीच ठरवते. ती मुख्यतः बघते तुमचा क्रेडिट स्कोअर (आधीची कर्जं कशी फेडलीत त्यावरून मिळणारे गुण) आणि पगारातून आधीच किती हप्ते जातायत ते. म्हणून टाइल्स पसंत करण्याआधी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जांची नोंद, काढा. फेडून टाकलेलं एखादं कर्ज तिथे अजून थकीत दिसत असेल, तर आधी ते निस्तरा. एकाच आठवड्यात चार दुकानांत अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जामागे होणाऱ्या चौकशीची नोंद त्या रिपोर्टमध्ये राहते.

आणि हो, ‘12 महिने बिनव्याजी’ वाचून हुरळू नका! काही योजनांत मुदत संपताना थोडी जरी बाकी उरली, तर व्याज थेट खरेदीच्या दिवसापासून लावतात. ती अट सहीआधी वाचा.