क्लोनिंग निसर्गाच्या विरुद्ध आहे का? नसेल, तर दुर्मीळ जातींचे क्लोन करून ठेवले की झालं, जंगलं राखायची एवढी धडपड कशाला?

'करून ठेवले की झालं.' तुमच्या प्रश्नातले हे चार शब्द वाचले आणि माझी दुपारची झोप उडाली. हेच शब्द माझ्या थोरल्या भावाने, आण्णाने, २०१२ च्या पाडव्याला मला परसात उभं करून ऐकवले होते. त्याच्या मागे आंब्याचा ताजा तोडलेला बुंधा होता, चीक अजून वाळला नव्हता.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही, विरुद्ध नाही. क्लोन, म्हणजे एकाच जिवाची जनुकांनी तंतोतंत नक्कल, हा शब्दच डहाळीवरून आलाय. ग्रीक भाषेत डहाळीला जो शब्द आहे तो उचलून हर्बर्ट वेबर नावाच्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०३ साली कलमं आणि कंद यांपासून वाढवलेल्या झाडांना हे नाव दिलं. डॉली ही क्लोन केलेली मेंढी फार नंतरची. आमच्या बेळगाव तालुक्यात रताळ्याचे वेल तोडून लावतात, चिकोडी-रायबागकडे उसाची कांडी पुरतात, हळद, केळी, सगळं तेच. पश्चिम किनाऱ्यावरच्या काही आंब्यांच्या एका कोयीतून तीन-चार रोपं वर येतात आणि त्यांतली बरीचशी आईची हुबेहूब नक्कल असतात. तिथे कुठला शास्त्रज्ञ चिमटा घेऊन बसला होता? ज्यांना नक्कल म्हणजे पाप वाटतं त्यांनी हापूस खायचा आधी सोडावा, मग बोलावं.

आता दुसरा प्रश्न. तो मला लागला.

आमचं माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. परसात एक रायवळ आंबा होता, शेप्या. चिरली की कैरीला शेपूसारखा वास यायचा म्हणून शेप्या. तो कुणी लावला नव्हता. पणजीच्या काळात कुणीतरी उकिरड्यावर कोय टाकली आणि ती रुजली, एवढाच त्याचा इतिहास. पिकल्यावर नुसता खायला काही खास नाही, दोरेच दोरे. पण कोयाडं करावं तर त्याचंच आणि लोणचं घालावं तर त्याचंच. वर्ष उलटलं तरी फोड करकरीत. रायवळाची गंमत म्हणजे प्रत्येक झाड वेगळं. त्याची कोय लावून तोच आंबा येईल याची खात्री नाही. म्हणजे शेप्या जगात एकच होता, आणि हे घरात फक्त मला कळत होतं, कारण मी बेळगावात पंचवीस वर्षं मराठी शाळेत विज्ञान शिकवत होते.

२००९ साली फेब्रुवारीत बातमी आली की हरियाणात कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत म्हशीची क्लोन केलेली रेडी जन्मली. ती आठवडाभरात गेली. जूनमध्ये दुसरी जन्मली, गरिमा. तीही दोनेक वर्षांतच गेली. पुढे २०१० मध्ये गरिमा-२ झाली, ती मात्र जगली आणि २०१३ मध्ये व्यायलीसुद्धा. मी वर्गात हे रंगवून सांगत होते. एका मुलीने विचारलं, "बाई, मग आमच्याकडची मेलेली म्हैस परत येईल?" मी म्हटलं, तिच्यासारखी दुसरी येईल, तीच नव्हे. घरी आल्यावर मात्र डोक्यात शेप्या.

२००९ च्याच जुलैत सावंतवाडीकडचा एक कलमवाला खानापूरला काजूच्या कामाला आला होता, त्याला गाठलं. आण्णाला सांगून आठ दिवस आधी निवडलेल्या डहाळ्यांची पानं छाटून घेतली, म्हणजे टोकाचा डोळा फुगतो. मग कोयीतून नुकतं वर आलेलं, पानं अजून तांबडी असलेलं रोप घ्यायचं, त्याचा शेंडा उडवायचा, मधोमध चीर द्यायची, काडीला पाचरीसारखा आकार देऊन आत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळायची. जांबोटीचा पाऊस तुम्हाला माहीत असेल-नसेल, तो थांबत नाही. कलमवाल्याच्या डोक्यावर दोन तास छत्री कुणी धरली? आण्णाने. हे मी मुद्दाम लिहितेय. सहा कलमं बांधली, चार जगली. एक टिळकवाडीत माझ्या घरामागे, एक बिजगर्णीच्या अलीकडे एका सहकारी बाईंच्या शेतात, एक शाळेच्या कुंपणालगत, आणि चौथं आण्णाला दिलं. त्याचं ते पिशवीतच वाळलं.

तीन वर्षांनी पाडव्याला गेले तर परस उघडं पडलेलं. हिरव्या कैऱ्या, सुपारीएवढ्या, मातीत इकडेतिकडे. पलीकडे काजूसाठी खड्डे आखलेले. वेंगुर्ला-४ ची ऐंशी कलमं येणार होती. आता बघा, जगात एकच असलेलं झाड पाडून तिथे ऐंशी एकसारखी क्लोन लावायची! मी रडायला लागले तशी वैनी आत गेली आणि आण्णा म्हणाला, "रडतीस कशाला? कलमं केलीस न्हवं? झाड तुझ्याकडं हायच की. करून ठेवलं की झालं." मी काही बोलले असते, पण जमिनीवरचा हक्क मी लग्नानंतर सोडून दिला होता, सही माझीच. आणि दुसरं त्याहून वाईट. त्या क्षणी मला कळलं की कलमं केली नसती तर त्याने कदाचित कुऱ्हाड लावली नसती. निदान दहा वेळा विचार केला असता. माझ्याच कलमांनी त्याला मोकळं केलं.

म्हणून तुमचा प्रश्न मला लागला.

क्लोनिंगच्या नैतिकतेवर बोलणारे सगळे माणसाचा क्लोन, देवाची सत्ता वगैरेंवर जाऊन पोचतात. माझी अडचण इतकी उंच नाही. नक्कल करण्यात काही वाईट नाही. नक्कल खिशात आहे म्हणून अस्सल तोडायला माणूस मोकळा होतो, ते वाईट. यात कलमवाल्याचा दोष नाही, प्रयोगशाळेचाही नाही.

आणि ती नक्कल तरी कितपत पुरते? २०१५ मध्ये टिळकवाडीच्या झाडाला पहिले नऊ आंबे लागले. कैरी चिरली, वास घेतला. काहीच नाही. शेजारच्या बाईंना हुंगायला दिली, त्या म्हणाल्या कैरीचा वास येतोय की. चार कैऱ्या हट्टाने आण्णाला पाठवल्या. त्याचा फोन आला, "ह्यो शेप्या न्हवंच." त्यावरून आमचं वर्षभर बोलणं बंद. मी म्हणायचे, पेशीन् पेशी त्याच झाडाची आहे, विज्ञान आहे हे. तो म्हणायचा, विज्ञान असूदे, वास कुठाय?

पुढल्या वर्षी बिजगर्णीच्या बाईंनी कैऱ्या आणून दिल्या आणि पिशवी उघडायच्या आधीच शेपू. तीच काडी, तोच कलमवाला, तोच दिवस. फरक एवढाच की तिथे लाल माती, भरपूर पाऊस. आणि माझ्याकडे बांधकामाच्या रोड्यांवर टाकलेला भराव आणि बोअरचं पाणी. शिवाय खुंट, म्हणजे काडी ज्यावर बांधली ते रोप, प्रत्येकाचा वेगळा रायवळ, मुळं त्याचीच. टेक्सासमध्ये २००१ च्या डिसेंबरात मांजराचा पहिला क्लोन जन्मला, तेव्हाही असंच झालं होतं. आई तिरंगी, पिल्लू मात्र करडं-पांढरं, केशरी रंगाचा ठिपका नाही. जनुकं तीच, पण त्यांतलं कुठलं जागं राहायचं आणि कुठलं झोपायचं हे वाढताना ठरतं. तेव्हा आण्णा निम्मा बरोबर होता. निम्माच.

प्राण्यांचं तर याहून अवघड. डॉली १९९६ मध्ये जन्मली ती २७७ बीजांडांवर प्रयत्न करून, त्यांतून जिवंत कोकरू एक. झाडाची काडी वाळली तर आपण दुसरी बांधतो. इथे कितीतरी फसलेल्या प्रयत्नांमागे गाभण राहिलेली किंवा गाभडलेली कुणीतरी असते. तिचा हिशेब कुणी मांडत नाही.

स्पेनच्या डोंगरातल्या बुकार्डो नावाच्या रानबकऱ्यांची गोष्ट तुम्ही वाचाच. शेवटची मादी, सेलिया, २००० च्या जानेवारीत मेली, तिच्या अंगावर झाड पडलं होतं. (झाडानेही कधीतरी सूड घ्यावा!) तिच्या कातडीच्या पेशी आधीच गोठवलेल्या होत्या. ३० जुलै २००३ ला तिचा क्लोन जन्मला, काही मिनिटांत गेला, फुप्फुसात दोष होता. ती जात अशी दोनदा नामशेष झाली. आणि समजा जगली असती, तर? नर कुठून आणणार होते?

आता आमच्या घराकडे या. खानापूरच्या रानात भीमगड अभयारण्य आहे, त्यात बारापेडेच्या गुहा. तिथे राउटनचं मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ राहतं. किती तरी वर्षं ते जगात फक्त तिथेच आहे असं समजत होते. नंतर मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. आता कुणी उद्या म्हणेल, हैदराबादला लॅकोन्स या संशोधन संस्थेत वन्यप्राण्यांच्या पेशी गोठवतात तशा यांच्याही ठेवू, मग रान कशाला हवं. नळकांड्यातल्या वटवाघळाला गुहा कुठली, संध्याकाळी बाहेर पडून कुठल्या दिशेला जायचं, हे कोण सांगणार? आईशिवाय, थव्याशिवाय त्याला ते कळणार नाही. गोव्याच्या रस्त्याच्या रुंदीकरणात आमच्याकडची जुनी झाडं गेली तेव्हाही हीच भाषा होती, एकाच्या बदली इतकी लावू. जणू झाड म्हणजे सुटे पैसे.

आणि नकलाच लावत सुटलं तर काय होतं ते केळीवाल्यांना विचारा. ग्रो मिशेल नावाची एकच जात जगभर लावली, पनामा रोगाने ती व्यापारातून उठवली; मग सगळे कॅव्हेंडिशकडे वळले, आता त्याच रोगाचा नवा प्रकार तिच्याही मागे लागलाय. एकाला लागलं ते सगळ्यांना लागतं, कारण सगळे एकच आहेत. आमच्या पट्ट्यात उसाचं शहाऐंशी झिरो बत्तीस हे एकच वाण शिवारंच्या शिवारं भरून दिसतं, मला ते बघून धडकी भरते. आण्णाच्या ऐंशी काजूंना काही झालेलं नाही, हेही सांगते. उलट बरं उत्पन्न देतात.

हे वाचून मी क्लोनिंगच्या विरोधात आहे असं समजू नका. अमेरिकेतल्या काळ्या पायांच्या फेरेटची (मुंगसासारखा छोटा प्राणी) सगळी आजची प्रजा, क्लोन सोडले तर, सात जनावरांपासून आलेली. १९८८ मध्ये मेलेल्या विला नावाच्या मादीच्या गोठवलेल्या पेशींतून २०२० मध्ये एलिझाबेथ अॅन जन्मली, आणि २०२४ मध्ये त्याच विलाच्या दुसऱ्या क्लोनला, अँटोनियाला, पिल्लंही झाली. हरवलेलं रक्त परत आलं. पण तिथे त्यांचं माळरान शिल्लक होतं आणि सोबत राहायला जिवंत फेरेट होते. असं असेल तर जरूर करा. २०२५ मध्ये प्राचीन काळातले, नामशेष झालेले लांडगे परत आणले म्हणून जो गाजावाजा झाला, तो मात्र मला पटत नाही. करड्या लांडग्याच्या चौदा जनुकांत वीस ठिकाणी बदल केला म्हणजे तो करडा लांडगाच, जरा रंगवलेला.

आणि आण्णाबद्दल. वर मी त्याला जरा झोडपलंय. त्या वर्षी पुतणीच्या इंजिनिअरिंगची फी भरायची होती आणि सोसायटीचं कर्ज थकलं होतं. शेप्या एक वर्षाआड धरायचा, पालापाचोळा वैनी झाडायची, मी नव्हे. मी वर्षातून दोनदा यायची आणि लोणच्याची बरणी घेऊन जायची. त्याने मला विचारायला हवं होतं, एवढंच माझं म्हणणं आहे. विचारलं असतं तर फी मी दिली असती. बहुतेक दिली असती.

तुमच्याकडे एखादं असं एकुलतं झाड असेल तर कलमं जरूर करून घ्या, पण ज्याच्या नावावर उतारा आहे त्याला कळू न देता. जूनच्या अखेरीस पानं छाटा, जुलैत बांधा, आणि दोन तरी निरनिराळ्या मातीत लावा. एक त्याच परसाजवळ, जमलं तर.

बिजगर्णीच्या कैऱ्या आता दरवर्षी वैनीकडे जातात, एसटीने. ती लोणचं घालते आणि कुठल्या झाडाचं हे घरात सांगत नाही. गेल्या दिवाळीला मी जेवायला बसले होते. आण्णाने फोड तोंडात घातली, चावली आणि वैनीला म्हणाला, "जुन्या बरणीतलं अजून हाय व्हय?" वैनी माझ्याकडे बघून म्हणाली, "हाय थोडं." मी भाकरी मोडत राहिले.