‘इतर फायदे’ हे दोन शब्द आधी खोडा

घणसोलीच्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, गुण ७० टक्क्यांच्या पुढे. तिला कीटकनाशक निरीक्षक करायचंय, कारण ‘सरकारी मान आहे, इतर फायदेही आहेत’. परीक्षा कोणती, क्लास कुठला, असं त्यांनी विचारलंय. तळाशी वेगळ्या शाईत मुलीच्या दोन ओळी आहेत: ‘मला लॅबमधलं काम आवडतं. बाबांना दुकानं तपासणारी नोकरी हवीय.’

दादा, गुणांची काळजी नाही. मी अडकले ते ‘इतर फायदे’वर. त्याचा अर्थ तुम्हालाही कळतो, मलाही.

निरीक्षक कृषी केंद्रात जातो, साठ्यातून औषधाचा नमुना घेतो आणि त्याचे तीन भाग करून सील करतो. एक दुकानदाराला, एक प्रयोगशाळेला, एक कोर्टासाठी. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याने ही पद्धत घालून दिली आहे. त्या दिवशी त्याने ‘फायदा’ घेतला आणि नमुना घेतलाच नाही, तर भेसळीची बाटलीही शेतावर जाते. अळी मरत नाही. मग शेतकरी डोस दुप्पट करतो, बादलीत आणखी एक औषध ओततो आणि काठीने ढवळतो. जळगावकडे माझ्या मामांना हे करताना मी लहानपणी पाहिलंय. तोंडाला नुसतं उपरणं. संध्याकाळी भरल्या ताटावरून उठून ते मोरीकडे धावले होते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जण गेले, शेकडो दवाखान्यात होते. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, औषधांची मिसळ, हातमोजे नाहीत, मास्क नाही, अशी कारणं बरीच होती. पण विक्रीवर देखरेख कोणाची होती, हेही लोकांनी विचारलंच. ती देखरेखीची खुर्ची तुम्ही ‘फायद्यांसाठी’ मागताय, तेही मुलीला ऐकू जाईल असं. नोकरी लागण्याआधीच तिला घरातून हा धडा मिळतोय, याचा मला राग येतो.

आता गैरसमज. ‘कीटकनाशक निरीक्षक’ अशी थेट परीक्षा नाही. राज्य सरकार कृषी विभागातल्या अधिकाऱ्यांनाच अधिसूचना काढून ते अधिकार देतं. त्या सेवेसाठी एमपीएससीची कृषी सेवा परीक्षा असते आणि तिला कृषी शाखेची पदवी लागते. केमिस्ट्रीवर ती देता येत नाही. देता येते असं सांगणारा क्लास तुमचे पैसे घेईल, एवढंच. शिवाय निरीक्षकाच्या हातात सगळं असतं, हेही खरं नाही. औषधाची नोंदणी केंद्राची समिती करते. राज्याकडे परवाने, नमुने आणि फार तर तात्पुरती बंदी. यवतमाळनंतर राज्याने पाच औषधांवर बंदी घातली, तीही साठ दिवसांची.

बेटा, आता तुझ्याशी बोलते. निरीक्षकाने घेतलेल्या नमुन्याचं ते सीलबंद पाकीट शेवटी प्रयोगशाळेतल्या विश्लेषकाच्या टेबलावर येतं. लेबलवर लिहिलाय तेवढा घटक बाटलीत खरंच आहे का, हे त्याने तीस दिवसांत सांगायचं असतं. खटला त्याच अहवालावर उभा राहतो. राज्याची अशी एक प्रयोगशाळा ठाण्यातच आहे, आणि कायद्याखालच्या नियमांनुसार विश्लेषकाला केमिस्ट्रीची पदवी चालते, कीटकनाशक तपासणीचं प्रशिक्षण मात्र हवं. दुसरं काम खाण्यात उरलेल्या औषधाचा अंश शोधायचं. भेंडी बारीक करायची, त्यातला दहा ग्रॅम लगदा नळीत घ्यायचा, द्रावक घालून हलवायचा, सेंट्रिफ्यूज करायचा आणि वरचा थर मशीनवर लावायचा. युरोपात ज्या औषधाची मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमच चालतं. एवढंसं शोधायला हात स्थिर लागतो, मन त्याहून.

त्यासाठी ॲनॅलिटिकल केमिस्ट्रीत एम.एस्सी. कर. त्या पदवीवर अन्न सुरक्षा अधिकाऱ्याची परीक्षा देता येते. पुढे लॅबचा अनुभव जमला की अन्न विश्लेषकाचीही.

या सुट्टीत महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या एखाद्या चाचणी प्रयोगशाळेत सहा आठवडे काम माग. अर्ज तू स्वतः लिही. दादा, तो तुम्ही तपासू नका. आणि पुढचं पत्र तिचं येऊ दे, दोन ओळींपेक्षा मोठं.