दोन तासांचा जॅम बँड कार्यक्रम बसवताना: आधी लांब तुकडा ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या एका कॉलेजगावच्या कम्युनिटी स्टेशनने तुम्हाला दर रविवारी रात्री 8 ते 10 ही वेळ दिली आहे. प्रसारण एफएमवर आणि सोबत इंटरनेटवरही. कार्यक्रम ग्रेटफुल डेड (थोडक्यात ‘डेड’) या अमेरिकन रॉक बँडचा आणि त्या वळणाच्या इतर बँडचा. गाणी ढीगभर आहेत, पण ती बसवायची कशी, काय बिघडतं आणि कट्टर श्रोते कशाने चिडतात, हे तुम्हाला हवंय.

सगळ्यात जास्त चिडतात ते चालू जॅम, म्हणजे मैफलीत ऐनवेळी सुचत जाणारं लांब वादन, तुटला की. बाकी सगळं ते पोटात घालतात. आवाज अडखळला, नाव चुकलं, पान सापडेना, चालतं. पण पंचवीस मिनिटं चढत गेलेला तुकडा शेवटच्या दोन मिनिटांत फेड झाला, तर तो माणूस पुढच्या रविवारी रेडिओ लावत नाही. म्हणून दर आठवड्याचा कार्यक्रम एका लांब, अखंड तुकड्याभोवती बांधा. आधी तो तुकडा निवडा, त्याची मिनिटं-सेकंद लिहा, आणि उरलेल्या वेळात बाकीचं बसवा. छोटी गाणी आधी भरून उरलेल्या जागेत जॅम कोंबायला गेलात, तर तो कधीच मावणार नाही.

120 मिनिटांपैकी दोन-दोन मिनिटांचे चार ब्रेक (प्रायोजकांचे उल्लेख, सार्वजनिक सूचना, हवामान) म्हणजे 8 मिनिटं. तुमचं बोलणं पाच वेळा, प्रत्येकी दीड मिनिट, म्हणजे साडेसात. हातात राहतात साधारण 104 मिनिटं. डेडची एक मैफल तीन तासांच्या आसपास चालायची, तेव्हा अख्खी मैफल लावायचा मोह पहिल्याच दिवशी सोडा. 8:15 ते 8:20 च्या दरम्यान लांब तुकडा सुरू करा, म्हणजे तो नऊच्या आत संपतो. दर तासाला स्टेशनची ओळख द्यावी लागते: कॉल साइन आणि लगेच परवान्यातलं शहर. नियमात ती तासाच्या ठोक्याच्या शक्य तितकी जवळ, पण कार्यक्रमातल्या नैसर्गिक थांब्यावर द्या असंच म्हटलंय. त्यामुळे जॅम नऊच्या पुढे दोन मिनिटं लांबला म्हणून तो कापून ओळख द्यायची गरज नाही. नव्या लोकांकडून घाबरून हीच चूक होते.

आता परवान्याचं, कारण यात बरेच जण फसतात. एफएमवर गीतकार-संगीतकारांचं मानधन स्टेशन भरतं, आणि एकाच बँडची किती गाणी लावावीत यावर बंधन नाही. पण तोच कार्यक्रम इंटरनेटवर गेला की ध्वनिमुद्रणाचा वैधानिक परवाना (कायद्यानेच ठरलेल्या अटींवर मिळणारा) लागू होतो आणि त्यात आकडे ठरलेले आहेत. कोणत्याही तीन तासांत एकाच कलाकाराची जास्तीत जास्त 4 मुद्रणं, त्यातली सलग 3. एकाच अल्बममधली जास्तीत जास्त 3, त्यातली सलग 2. डेडच्या कार्यक्रमाला हे गळ्याला फास वाटतं, पण नीट बघा: मर्यादा मुद्रणांच्या संख्येवर आहे, मिनिटांवर नाही. 1969 च्या ‘लाइव्ह/डेड’ अल्बमवरचं ‘डार्क स्टार’ 23 मिनिटांचं आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधली 8 मे 1977 ची मैफल 2017 साली अधिकृतपणे प्रकाशित झाली. तिच्यातली ‘स्कार्लेट बेगोनियाज’ आणि ‘फायर ऑन द माउंटन’ ही जोडी 26-27 मिनिटं चालते. ही तीन मुद्रणं मिळूनच पन्नास मिनिटं झाली आणि चौथं अजून शिल्लक आहे. मात्र ‘लाइव्ह/डेड’वर ‘डार्क स्टार’ला जोडून येणारी पुढची दोन्ही गाणी लावलीत, तर एकाच अल्बममधली सलग तीन होतात आणि नियम मोडतो. तिथे एकावर थांबा.

उरलेली पन्नासेक मिनिटं इतरांना द्या. त्याने कार्यक्रम चांगलाच होतो. डेडचा गिटारवादक जेरी गार्सिया ज्यांत होता ते जेरी गार्सिया बँड आणि ओल्ड अँड इन द वे हे वेगळे कलाकार धरले जातात. डेडने ज्यांची गाणी उचलली त्या मर्ल हॅगार्ड, मार्टी रॉबिन्स, रेव्हरंड गॅरी डेव्हिस, चक बेरी यांची मूळ मुद्रणं दोन ते पाच मिनिटांची असतात आणि वेळ जुळवायला फार उपयोगी पडतात. दुसऱ्या तासात फिश (व्हरमाँट, 1983), वाइडस्प्रेड पॅनिक (जॉर्जिया), ऑलमन ब्रदर्स. पण फिशचे श्रोते आणि डेडचे श्रोते एकच आहेत असं गृहीत धरू नका. दोन बँड एकमेकांना चिकटवून लावण्याऐवजी मध्ये एखादं तिसरंच गाणं ठेवा.

गाण्यांची यादी आधी जाहीर करू नका, परवान्यात ते बसत नाही. “आज 1977 मधलं काही ऐकू” एवढं चालतं. यादी कार्यक्रम संपल्यावर टाका. पाच तासांपेक्षा छोटा कार्यक्रम मागणीनुसार ऐकायला साइटवर ठेवणंही याच परवान्यात बसत नाही. तुमच्या स्टेशनने वेगळी परवानगी घेतली आहे का, ते मॅनेजरना विचारा.

श्रोत्यांनी केलेल्या टेपचा मुद्दा वेगळा आहे. डेडने मैफलीत टेप करायला मुभा दिली होती, ऑक्टोबर 1984 पासून तर टेपर मंडळींसाठी वेगळी जागाच असायची. अट एकच, पैशाचा व्यवहार नको. पण ती परवानगी टेप करण्याची आणि आपसात वाटण्याची, इंटरनेटवर प्रसारणाची नव्हे. वैधानिक परवान्याला हक्कदाराच्या संमतीने केलेली प्रत लागते. म्हणून अप्रकाशित टेप लावायची असेल तर स्टेशनमार्फत लेखी संमती घ्या, आणि तोवर प्रकाशित मैफलींवर भर द्या. ‘डिक्स पिक्स’चेच 36 खंड आहेत, आणि 2012 पासून ‘डेव्हज पिक्स’ वर्षाला चार निघतात. साहित्य कमी पडणार नाही. निधी-मोहिमेत टेपच्या प्रती भेट म्हणून देऊ नका, तिथे पैशाचा संबंध येतो.

टेप लावायची वेळ आलीच तर तीन गोष्टी तपासा. पहिली, बाजू पलटल्याची जागा. 90 मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू 45 मिनिटांची, आणि डेडचा दुसरा सेट (मैफलीचा मध्यंतरानंतरचा भाग) सव्वा ते दीड तासाचा. म्हणजे पलटी नेमकी जॅमच्या पोटात येते. त्याच रात्रीच्या दुसऱ्या टेपने ती भरायची असेल, तर आधी दोन्हींचा वेग जुळवा, मग दोन-तीन सेकंदांचा क्रॉसफेड द्या (एक आवाज विरत असताना दुसरा चढवा). दुसरी, सूर. कॅसेट 6 टक्के जास्त वेगात चालली की सूर जवळजवळ अर्धा स्वर चढतो. त्याच काळातल्या प्रकाशित मुद्रणाशी लावून बघा. तिसरी, नमुना-दर (सॅम्पल रेट). 48 किलोहर्ट्झची डॅट (डिजिटल टेप) प्रत चुकून 44.1 वर वाजली की सूर सुमारे दीड अर्धस्वर उतरतो आणि दहा मिनिटांचं गाणं 10:53 चं होतं. गायकाचा आवाज जड, झोपाळू वाटला तर आधी हेच बघा.

फाइल जोडणं हे सगळ्यात किचकट आणि सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. यादीत दोन गाण्यांमध्ये > ही खूण असते, म्हणजे बँड न थांबता पुढच्या गाण्यात गेला. संगीत अखंड आहे, पण फाइली दोन आहेत, आणि घोळ तिथेच होतो. एमपी3 मध्ये प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटाला सूक्ष्म शांतता भरली जाते, त्यामुळे सांध्यावर उचकी लागल्यासारखं ऐकू येतं. म्हणून फ्लॅक किंवा वेव्ह या स्वरूपातल्या फाइली घ्या. फ्लॅकमध्येही, सीडीच्या सेक्टरच्या मापात न कापलेला ट्रॅक कधीकाळी सीडीवर उतरवला गेला असेल, तर शेवटी सेकंदाच्या 75 व्या भागापर्यंतची शांतता राहते. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही फाइली एकाच ट्रॅकवर एकापुढे एक ठेवा, सांधा इतका मोठा करा की लहरीचे ठिपके दिसतील. सरळ आडवी रेघ दिसली की ती निवडून काढून टाका. सांध्याच्या आधीची आणि नंतरची दहा सेकंदं हेडफोनवर, डोळे मिटून ऐका. सांधा कुठे आहे ते कळलं, तर काम अजून झालेलं नाही. मग पूर्ण तुकडा 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट वेव्ह म्हणून एकच फाइल करा. स्टुडिओच्या सॉफ्टवेअरवर दोन फाइली जोडून वाजण्याची जबाबदारी टाकू नका.

गाण्यांमधलं तारा जुळवणं दोन-तीन मिनिटं चालतं, ते कापा. पण टाळ्यांची पहिली पाच-सहा सेकंदं ठेवा आणि तिथून पुढच्या गाण्याआधीच्या गर्दीच्या आवाजात चार-पाच सेकंदांत सरका. गर्दी ते गर्दी असा सांधा कुणाला खुपत नाही. टाळ्यांवरून एकदम शांततेत गेलात तर मात्र कान ठेचकाळतो.

प्रसारणाच्या साखळीतले दोन सापळे इंजिनिअरशी आधी बोलून ठेवा. ऑटोमेशन सॉफ्टवेअर आवाज ठरावीक पातळीखाली गेला की गाणं संपलं असं समजून पुढचं सुरू करतं. जॅमच्या तळाशी, जिथे एकटी गिटार कुजबुजते, तिथे हे हमखास होतं. त्या फाइलला सेग्वेची (पुढचं गाणं सुरू होण्याची) खूण हाताने अगदी शेवटी लावा आणि क्रॉसफेड बंद ठेवा. दुसरा सापळा ट्रान्समीटरकडच्या शांतता-शोधकाचा. ठरावीक सेकंद आवाज अगदी खाली राहिला की तो बिघाड समजून राखीव कार्यक्रमावर उडी मारतो. 1978 नंतरच्या दुसऱ्या सेटमधला ‘स्पेस’ हा मुक्त वादनाचा भाग तर यासाठीच रचल्यासारखा आहे. मर्यादा किती सेकंदांची आणि किती डेसिबलची, ते विचारून कागदावर लिहून घ्या. तुमचा तुकडा तिथे अडकणार असेल तर शांत भागाची पातळी आधीच वीस-तीस सेकंदांत हळूहळू 3-4 डेसिबल उचला. ऑन एअर असताना फेडर ढकलू नका, कारण पुढे असलेला, पातळी आपोआप सारखी करणारा प्रोसेसरही तेच करत असतो आणि दोघं मिळून गर्दीचा खोकला गिटारइतका मोठा करतात.

रात्री 10 च्या आधी अश्लील शब्द एफएमवर चालत नाहीत, आणि तुमची वेळ 8 ते 10 आहे. ‘व्हार्फ रॅट’मध्ये सरळ शिवी आहे आणि हे गाणं लांब जॅमच्या शेवटाला वारंवार येतं. ‘अंकल जॉन्स बँड’मधला उद्गार सौम्य आहे, तरी स्टेशनचं धोरण विचारून घ्या. शिवीचा तो एक शब्द आधीच उलटा वाजेल असा करून ठेवला तर चाल न मोडता गाणं जातं. बीप घालू नका.

बोलणं कमी आणि नेमकं. सांध्यावर कधीच बोलू नका. तुकड्याआधी तारीख, ठिकाण आणि ऐकण्यासारखी एकच गोष्ट सांगा, नावं नंतर. आपल्याकडून होणारी खास चूक तारखेची आहे. डेडहेड, म्हणजे डेडचे कट्टर चाहते, तारीख महिना आधी घेऊन बोलतात. 5/8/77 म्हणजे 8 मे, आपल्या सवयीने वाचली तर ती 5 ऑगस्ट होते. आणि सगळ्या तारखांमध्ये ही चुकली तर श्रोते विसरणार नाहीत. फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस असा क्रम असतो, तोच तुमच्या कागदावर उतरवा. महिन्याचं नाव अक्षरात लिहा.

विशेष भाग करायचा असेल तर एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. डेडचा ड्रमर मिकी हार्ट अल्लारखांकडे शिकला, आणि मुंबईत जन्मलेल्या झाकीर हुसेन यांच्यासोबत त्याने दिगा ऱ्हिदम बँडचा अल्बम केला, 1976 मध्ये. त्यातल्या ‘हॅपिनेस इज ड्रमिंग’मध्ये गार्सियाची गिटार आहे, आणि त्याच सुरावटीतून ‘फायर ऑन द माउंटन’ उभं राहिलं, जे डेड मार्च 1977 पासून मैफलीत वाजवू लागले. आधी दिगाचं मुद्रण लावा, एक मिनिट बोला, मग कॉर्नेलची जोडी अखंड सोडा. दुसऱ्या गाण्यात शिरताना तालवाद्यांची ती चाल श्रोत्याला आपोआप ओळखू येते. त्यानंतर ‘द इलेव्हन’ लावलंत तर त्याचा अकरा मात्रांचा हिशेब सांगायला तुमच्याइतका योग्य माणूस त्या गावात क्वचितच असेल. मात्रा तोंडाने मोजून दाखवा, तीन-तीन-तीन-दोन. याला वीस सेकंदं पुरतात.

1 ते 9 ऑगस्टचा आठवडा आधीच राखून ठेवा. गार्सियाचा जन्म 1 ऑगस्ट 1942 चा, मृत्यू 9 ऑगस्ट 1995 चा, आणि मधल्या दिवसांना डेडहेड वेगळ्या नावाने ओळखतात. त्या रविवारी फोन जास्त येतात, म्हणून बोलण्याला पाच मिनिटं वाढवून धरा.

शेवट उलटा मोजा. 9:58:30 ला तुमचं शेवटचं वाक्य संपायला हवं असेल, तर शेवटच्या गाण्याची लांबी त्यातून वजा करून ते कधी सुरू व्हायला हवं ते कागदावर लिहा. 3, 5 आणि 7 मिनिटांची अशी तीन गाणी तयार ठेवा, आणि 9:40 ला घड्याळ बघून त्यांतलं कोणतं लावायचं ते ठरवा.