तित्तर की भोवत्या? आधी उडणं बघ

कालचा तुझा फोटो पाहिला. पाठमोरा, धूसर, गवतात बसलेला तपकिरी पक्षी. "जमिनीवर होता म्हणजे तित्तर" हे तुझं गणित मात्र चुकतं. भोवत्या (हॅरियर) शिकारी पक्षी असला तरी रात्री झाडावर नाही, माळावरच गवतात उतरून झोपतो. इंदापूरजवळच्या कडबनवाडीच्या माळावर हिवाळ्यात संध्याकाळी थांब, एकेक करून उतरताना दिसतील.

रंगाच्या नादी लागू नकोस, दोघेही मातीत मिसळून जातात. उडण्याकडे लक्ष दे. राखी तित्तर पायाजवळून फर्रर्र करत उठतो (पहिल्यांदा काळजाचा ठोका चुकतो, माझा अजूनही चुकतो!). पंख आखूड, गोलसर. थोडं फडफडतो, पंख खाली वाकवून तरंगतो आणि जवळच्याच बोरीच्या झुडपाआड उतरून पळत सुटतो. त्याला लांब उडायचंच नसतं. शेपटीच्या कडा तांबूस दिसल्या की शंका मिटली.

भोवत्याचं सगळंच निवांत. लांब पंख इंग्रजी 'व्ही'सारखे वर धरून गवतावरून डुलत फिरतो, उंदीर-टोळ हुडकत. मादीच्या शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा असतो.

बसलेला असेल तर चोच आणि पाय बघ. तित्तराची नखं माती उकरायची, भोवत्याची भक्ष्य पकडायची. नर तित्तराच्या पायाला मागे आरही (टोकदार काटा) असते.

आणि मे महिन्यात इथे भोवत्या दिसला असं लिहिण्याआधी दोनदा विचार कर. तोवर हे हिवाळी पाहुणे बहुतेक परत गेलेले असतात.