ऑपरेशनमध्ये नर्सने डॉक्टरांना असिस्ट करणं चालतं का?

तुमची बहीण तालुक्याच्या एका खासगी हॉस्पिटलात ओटीत (ऑपरेशन थिएटरात) लागलीय, 'मी असिस्ट करते' म्हणते, आणि नर्सला हे चालतं का, असं तुम्ही विचारलंय. मी स्वतः ओटी सिस्टर आहे, म्हणून सांगते.

छोट्या हॉस्पिटलात हे रोजचंच आहे. मेडिकल कॉलेजच्या ओटीत सर्जनसमोर रेसिडेंट (तज्ज्ञ व्हायला शिकणारा) डॉक्टर उभा असतो आणि सिस्टर हत्यारांच्या ट्रॉलीपाशी. तालुक्याला रेसिडेंट कुठून आणणार? सिझरचंच घ्या. डॉयन रिट्रॅक्टर (जखम उघडी ठेवणारं हत्यार) धरून मूत्राशय खाली ठेवायचं, बाळाचं डोकं काढण्याआधी रिट्रॅक्टर अलगद काढायचा, सक्शन पुढे करायचं. बाळ बाहेर आलं की गर्भाशयाच्या कडांना लावायला ग्रीन आर्मिटेज फोर्सेप्स (चिमटे) तयार हवेत. मग सर्जन मॅडम शिवत असताना व्हिक्रिल (टाक्यांचा धागा) ताणून धरायचा, सांगतील तिथे कापायचा. हे सगळं त्यांच्या नजरेखाली. चीर देणं, टाके घालणं हे मात्र सर्जनचं काम. घाईत कुणी 'स्किन तूच घे', म्हणजे कातडीचे टाके तूच घाल, म्हणालं, तर तिने स्पष्ट नाही म्हणावं.

मला काळजी वाटते ती काउंटची. मॉप (रक्त टिपायच्या कापडाच्या घड्या), सुया, हत्यारं सुरुवातीला मोजायची, पोट बंद करण्याआधी मोजायची, शेवटी पुन्हा मोजायची. ही जबाबदारी स्क्रब सिस्टरची (निर्जंतुक गाऊन-हातमोजे घालून हत्यारं देणारी) आणि फ्लोअरवरच्या सिस्टरची (बाहेरून सामान देणारी), दोघींची मिळून. आता एकच सिस्टर रिट्रॅक्टरही धरतेय आणि ट्रॉलीही सांभाळतेय, तर तिची नजर जखमेवर असताना आत किती मॉप गेले ते कोण बघणार? रक्ताने भिजलेला मॉप आतड्यांत चटकन ओळखूही येत नाही. अमेरिकेत वेगळं प्रशिक्षण घेऊन नर्स 'फर्स्ट असिस्टंट' होते, पण तिथल्या ओटी नर्सेसच्या संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे: असिस्ट करणारीने त्याच वेळी स्क्रबचं काम करू नये. मला ते शंभर टक्के पटतं. आपल्याकडे माणसं कमी आहेत हे मान्य, पण निदान फ्लोअरला एक सिस्टर फक्त मोजायला आणि लिहायला हवीच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या सर्जरी चेकलिस्टमध्ये, पेशंट ओटीबाहेर नेण्याआधी काउंट बरोबर असल्याचं तोंडी सांगायचं काम नर्सवरच सोपवलंय. म्हणजे 'सर, थांबा, एक मॉप कमी आहे' म्हणणं हा आगाऊपणा नाही, ते तिचं कर्तव्य आहे.

बहिणीला विचारा: फ्लोअरला दुसरी कुणी असते का? काउंट बोर्डावर लिहितात का? पुढे शिकायची इच्छा असेल तर इंडियन नर्सिंग कौन्सिलचा ऑपरेशन रूम नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे, तो जरूर करावा. आणि काउंट कमी आहे म्हटल्यावर तिथले डॉक्टर हात थांबवतात का, हेही विचारा. थांबवत नसतील तर तिला दुसरीकडे नोकरी बघायला सांगा.