पेशींवरच्या चाचणीत औषध ‘सुरक्षित’ ठरलं, म्हणजे पुढे मूल होण्याला धोका नाही का?

नाही, तसा अर्थ काढू नका. तुमच्या २६ वर्षांच्या बहिणीला कॅन्सरवरचं, अजून ट्रायलमध्ये असलेलं औषध सुचवलंय आणि माहितीपत्रकात ‘अंडाशयाच्या पेशींवर विषारी परिणाम आढळला नाही’ असं लिहिलंय, असं तुम्ही म्हणता. ते वाक्य खरंच असेल, पण त्यातून फार थोडं कळतं. मी डॉक्टर नाही, पेशी वाढवून त्यांच्यावर औषधं तपासण्याचं काम करते. तेवढ्या भागाबद्दल खात्रीने सांगू शकते.

या चाचणीत ‘अंडाशयाच्या पेशी’ म्हणजे बऱ्याचदा केजीएन नावाची सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या एकाच प्रकारच्या पेशी असतात. स्त्रीबीजाभोवती ज्या ग्रॅन्युलोसा पेशी असतात, त्यांच्या गाठीतून ही लाइन तयार केली गेली. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये या पेशी वाढवायच्या, औषध वेगवेगळ्या प्रमाणात घालायचं आणि दोन-तीन दिवसांनी एमटीटी नावाचं पिवळं रसायन टाकायचं. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात. जांभळा रंग जितका गडद, तितक्या पेशी वाचल्या. बस, एवढंच मोजलं जातं.

पण तुमच्या बहिणीचा प्रश्न या पेशींचा नाहीच. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयात साधारण १० ते २० लाख स्त्रीबीजं असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि नंतर तो साठा फक्त घटत जातो. त्यातली बहुतेक झोपलेली असतात, विभाजित होत नाहीत. केजीएन मात्र गाठीतून आलेली, सतत वाढणारी पेशी. झोपलेल्या स्त्रीबीजाच्या डीएनएला इजा झाली, की पी६३ नावाचं प्रथिन त्याला मरायला लावतं. सदोष बीज पुढे जाऊ नये म्हणून ही निसर्गाची काळजी, पण केमोमध्ये तीच महागात पडते. प्लेटमध्ये स्त्रीबीजच नाही, तर हे दिसणार कसं?

म्हणून मला एडिनबरा विद्यापीठातलं काम फार मोलाचं वाटतं. तिथे सुट्या पेशींऐवजी नवजात उंदरांची अख्खी अंडाशयं जिवंत ठेवून त्यांना औषध देतात. २०१३ मध्ये त्यांनी दाखवलं, की केमोच्या औषधांपैकी सिस्प्लॅटिन मुख्यतः स्त्रीबीजावर घाव घालतं, तर डॉक्सोरुबिसिन भोवतालच्या ग्रॅन्युलोसा पेशींवर. साठा दोन्हींत घटतो, वाट मात्र वेगळी. त्यामुळे इमॅटिनिब हे कॅन्सरवरचंच दुसरं औषध सोबत दिल्यावर सिस्प्लॅटिनपासून बचाव झाला, डॉक्सोरुबिसिनपासून झाला नाही.

दुसरी अडचण यकृताची. सायक्लोफॉस्फामाइड हे केमोचं औषध अंडाशयाला सर्वांत घातक ठरणाऱ्या औषधांपैकी एक. तरी ते जसंच्या तसं प्लेटमध्ये टाकलं तर पेशींना फारसं काही होत नाही, कारण त्याचं विष यकृतात गेल्यावर तयार होतं. हे ठाऊक असल्यामुळे आम्ही प्रयोगात आधीच सक्रिय केलेलं रूप वापरतो. नव्या औषधाचं शरीरात काय होतं हे न पाहता केलेली चाचणी इथेच फसते.

मग या चाचण्या करायच्याच कशाला? कारण धोका दिसला तर तो लवकर दिसतो. रुग्णाच्या रक्तात जेवढं औषध पोचतं तेवढ्याच प्रमाणात पेशी मरत असतील, तर ती धोक्याची घंटाच. उलट काही दिसलं नाही, तर त्यावर विसंबता येत नाही.

आणखी एक गोष्ट रुग्णांना क्वचितच कुणी सांगतं. आयसीएच एस९ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार प्रगत कॅन्सरवरच्या औषधाला माणसावरची ट्रायल सुरू करण्याआधी प्रजननक्षमतेचा स्वतंत्र अभ्यास लागत नाही. नेहमीच्या प्राणी-चाचण्यांत अंडाशय आणि वृषण तपासले तरी पुरतं. हाताशी वेळ थोडा असलेल्या रुग्णासाठी हे मला पटतं. जिच्यापुढे बरं होऊन चाळीस-पन्नास वर्षं जगण्याची आशा आहे, तिच्यासाठी मुळीच पटत नाही.

म्हणून ट्रायलच्या संमतीपत्रावर सही करण्याआधीच बहिणीच्या डॉक्टरांना विचारा, की स्त्रीबीजं किंवा अंडाशयाचा तुकडा गोठवून ठेवता येईल का. स्त्रीबीजं गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात आणि आता पाळीच्या कुठल्याही दिवशी सुरुवात करता येते. तेवढी सवड नसेल तर तुकड्याचा पर्याय उरतो. तो दुर्बिणीतून लवकर काढता येतो. शिवाय उपचाराआधी स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी एएमएच ही रक्तचाचणी करून घ्या, म्हणजे नंतर साठा किती घटला याची तुलना करता येईल. ट्रायलमधल्या आधीच्या स्त्री-रुग्णांची पाळी परत आली का, हेही स्पष्ट विचारा.